वृद्ध सोबत्याचें छायाचित्र



ज्यांच्या घरीं कुत्रें किंवा मांजर आहे, अथवा एके काळीं होतें, त्यांनीं आपला फोटोंचा संग्रह एकवार चाळून पाहावा. मग तो जाड पुठ्ठ्याच्या आल्बमांतला असो कीं खिशांतल्या मोबाईलमधला असो. पिलूपणचीं चित्रें त्यांत रगड सांपडतील. चपलेचा बंद चावणारें पिलूं, टोपलींत मुटकुळें करून निजलेलें पिलूं, पहिल्या आंघोळीनंतर थरथरणारें पिलूं. एकेका मुद्रेचीं दहा दहा चित्रें. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षानंतर तीं विरळ होऊं लागतात. नवव्या-दहाव्या वर्षापुढें पाहूं गेल्यास तें जनावर कोणाच्या तरी वाढदिवसाच्या गर्दींत, चित्राच्या कडेला, अर्धवट कापलेलें असें आढळतें. ज्या वयांत तें आपल्याला सर्वांत अधिक ओळखूं लागलें, त्या वयाचा पुरावा आपल्याजवळ बहुधा नसतोच.

मी धंद्यानें छायाचित्रकार आहें. गेल्या कांहीं वर्षांत माझ्याकडे एक निराळ्याच प्रकारचें गिऱ्हाईक येऊं लागलें आहे. घरचें कुत्रें चार-आठ दिवसांपूर्वी गेलेलें असतें. मोबाईलमधलें त्यांतल्या त्यांत बरें असें एक चित्र निवडून तें मोठें करून, चौकटींत बसवून हवें असतें. एकदां असेच एक वृद्ध गृहस्थ आले. त्यांनीं आणलेलें चित्र खरोखरच सुरेख होतें: ताठ मान, उभे कान, चकचकीत अंग. मीं तें मोठें करून त्यांच्या हातीं दिलें. बराच वेळ त्याकडे पाहून ते म्हणाले, "फोटो फार छान झाला आहे हो. पण हा पांच वर्षांमागचा राजा. आमचा राजा म्हातारा होता." पैसे देऊन, चौकट कागदांत गुंडाळून घेऊन ते निघून गेले. त्यांचा म्हातारा राजा कोणत्याच चित्रांत नव्हता. आजच्या भाषणाचा विषय मला त्या गृहस्थांनीं दिला असें म्हटलें तरी चालेल.

माणसांच्या बाबतींत आपण असें करीत नाहीं. माजघराच्या भिंतीवर आजोबांचा जो फोटो टांगलेला असतो, तो त्यांच्या शाळकरी वयाचा नसतो. एकसष्टीला, सहस्रचंद्रदर्शनाला आपण मुद्दाम फोटोग्राफर बोलावतों आणि सुरकुत्यांसकट, काठीसकट, कानांतल्या यंत्रासकट त्यांना मधल्या खुर्चींत बसवतों. तेंच त्यांचें खरें रूप, असें आपण मानतों. मग कुत्र्या-मांजरांच्याच म्हातारपणाकडे पाठ कां फिरवावी? मला वाटतें, त्यांत थोडी लाज आहे आणि पुष्कळसें भय आहे. तोंडाभोंवतालचे केस पिकलेला, मागचे पाय ओढणारा प्राणी पाहिला म्हणजे पुढें काय येणार याची चाहूल लागते. आणि त्या वेळीं कॅमेरा हातीं घेणें म्हणजे ती चाहूल कबूल करणें. माझ्या आईचें कारण याहून सोपें आहे. फोटो काढल्यानें आयुष्य कमी होतें, असें ती जुन्या लोकांप्रमाणें मानते. या समजुतीपायीं तिनें स्वतःचे फोटो कधीं फारसे काढूं दिले नाहींत, आणि शहाऐंशीव्या वर्षीं ती धडधाकट आहे. त्यामुळें तिच्याशीं वाद घालण्यास मला जागाच उरत नाहीं.

आवडत्या जनावराची आठवण राखण्याची इच्छा कॅमेऱ्याहून फार जुनी आहे. कर्नाटकांत मंड्या जिल्ह्यांतील आतकूर येथें राष्ट्रकूटांच्या काळचा, इ. स. 950 च्या सुमाराचा, एक शिलालेख सांपडला. काळी नांवाच्या एका शिकारी कुत्र्याची हकीकत त्यांत आहे, आणि रानडुकराशीं झुंजणाऱ्या त्या कुत्र्याचें शिल्पही दगडावर कोरलेलें आहे. त्या झुंजींत दोन्ही जनावरें मेलीं. आपल्याकडे साताऱ्याजवळ संगम माहुलीस छत्रपति शाहूमहाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधि लोक आजही दाखवितात. परंतु दगड सांगतो तो पराक्रम किंवा इमान. उन्हाची तिरीप शोधून तींत अंग सोडणारें, हांक मारल्यावर डोकें न उचलतां नुसतें शेपटीचें टोंक हलविणारें जनावर कोरण्यासाठीं कोणीं पाथरवट बोलावल्याचें मीं ऐकलें नाहीं. तें काम कॅमेऱ्याचें. आणि यांत एक गंमत आहे. 1839 सालीं फ्रान्समध्यें दागेरची छायाचित्रणाची पद्धति जाहीर झाली, तेव्हां चित्र उमटेपर्यंत कांहीं मिनिटें समोरच्यानें निश्चळ राहावें लागे. चपळ कुत्र्याच्या शेपटीचा अशा चित्रांत नुसता धूर होई. त्या काळच्या छायाचित्रकाराला निवड करूं दिली असती, तर त्यानें म्हातारा, झोपाळू कुत्राच पसंत केला असता.

आयुष्याच्या अखेरीस आलेल्या कुत्र्याचें एक चित्र अलीकडच्या काळांत जगभर गाजलें. त्याची हकीकत थोड्या विस्तारानें सांगतों. अमेरिकेंत विस्कॉन्सिन राज्यांत, सुपीरिअर या अफाट सरोवराच्या कांठीं, बेफील्ड नांवाचें लहानसें गांव आहे. तेथें शेप नांवाचा एक संकरित जातीचा कुत्रा होता. 2012 सालीं तो 19 वर्षांचा झाला होता, आणि कुत्र्याच्या जातीला 19 वर्षें म्हणजे शंभरीच म्हणावी. संधिवातानें त्याचे सांधे आखडले होते. जमिनीवर निजणेंही त्याला सुखाचें राहिलें नव्हतें. त्याचा धनी त्याला उचलून सरोवरांत घेऊन जाई. पाण्यांत अंगाचा भार हलका होतो, दुखऱ्या सांध्यांवरचा ताण उतरतो. आणि धन्याच्या हातांवर तरंगतां तरंगतां शेपला गाढ झोप लागे. आतां याचे फार दिवस उरले नाहींत असें वाटून त्या धन्यानें हॅना स्टोनहाउस हडसन या आपल्या छायाचित्रकार मैत्रिणीला बोलावून घेतलें. तिनें काढलेल्या चित्रांत छातीइतक्या पाण्यांत उभा असलेला एक माणूस आहे, त्याच्या अंगावर मान टाकून एक म्हातारा कुत्रा झोपला आहे, आणि भोंवतीं शांत पाणी. दुसरें कांहीं नाहीं.

हें चित्र फेसबुकवर आल्यावर लक्षावधि लोकांनीं पाहिलें. शेपच्या उपचारांसाठीं न मागतां पैसे येऊं लागले. लेसर किरणांचे उपचार झाले, त्यानें वेदना कांहीं कमी झाल्या, आणि जो कुत्रा त्याच उन्हाळ्यांत जाईल असें वाटलें होतें, तो पुढें सुमारें एक वर्ष जगला. 2013 च्या जुलैंत, विसाव्या वर्षीं, तो गेला. उरलेल्या पैशांतून गरीब घरांतील जनावरांच्या औषधपाण्याला मदत झाली. या शेवटच्या गोष्टीमुळें लोक चित्राला भाग्यवान म्हणतात. असेल. माझ्या दृष्टीनें मात्र त्याचें महत्त्व निराळें आहे. त्या चित्रांत म्हातारपण झांकण्याची कसलीही खटपट नाहीं. कुत्र्याला नटविलेला नाहीं, कान टवकारावे म्हणून शीळ घातलेली नाहीं. शिवाय तें नुसत्या कुत्र्याचें चित्र नाहीं. त्याचा भार कोण पेलीत आहे, तेंही त्यांत आहे. रोज घडणारी गोष्ट त्या दिवशींही घडली, आणि त्या वेळीं कांठावर कॅमेरा होता, इतकेंच.

दुसरें उदाहरण ईसा लेश्को या अमेरिकन छायाचित्रकार बाईंचें. त्यांच्या आईला स्मृतिभ्रंशाचा विकार झाला होता आणि तिची शुश्रूषा त्यांनीं केली होती. त्या काळांत, 2008 सालीं, पीटी नांवाचा 34 वर्षांचा आंधळा घोडा त्यांच्या दृष्टीस पडला, आणि म्हाताऱ्या जनावरांचीं चित्रें काढण्याचें काम त्यांनीं हातीं घेतलें. तें पुढें दहा वर्षें चाललें. शेतावरच्या गाई, डुकरें, मेंढ्या, कोंबड्या, टर्की: जीं जनावरें म्हातारीं होण्यापूर्वीच सुरीखालीं जावयाचीं, पण आश्रयस्थानांत राहिल्यामुळें म्हातारीं होऊं शकलीं, त्यांचीं हीं चित्रें. 'अलाउड टु ग्रो ओल्ड' या नांवानें त्यांचें पुस्तक 2019 सालीं निघालें. बाईंची रीत ऐकण्यासारखी आहे. त्या जमिनीवर आडव्या होऊन जनावराच्या डोळ्यांच्या पातळीवर येत, कृत्रिम प्रकाश टाळीत, आणि कॅमेऱ्याला हात लावण्यापूर्वी तासन्‌तास नुसत्या जवळ पडून राहत. हा त्यांचा पाठ मीं उचलला. मध्यम वयाच्या माणसाला जमिनीवर पालथें पडून पुन्हां उठणें कठीण जातें, एवढी एकच माझी तक्रार आहे.

आमच्या घरीं काळू होता. रस्त्यावरून आलेला, शुद्ध गांवठी, काळाकुळकुळीत. म्हातारपणीं त्याची हनुवटी आणि भिंवया पांढऱ्या झाल्या, तेव्हां तो एखाद्या निवृत्त हेडमास्तरासारखा दिसूं लागला. त्याच्यावर मीं जे प्रयोग केले त्यांतून शिकलेल्या कांहीं गोष्टी सांगतों. घरच्या साध्या मोबाईललाही त्या लागू पडतात.

पहिली गोष्ट उजेडाची. कुत्र्या-मांजरांच्या डोळ्यांत पडद्यामागें एक चकाकणारा थर असतो. अंधारांत दिसावें म्हणून निसर्गानें केलेली ती सोय आहे. फ्लॅश मारला कीं तो थर उजेड उलट फेंकतो, आणि प्रेमळ म्हाताऱ्याचें तोंड चित्रांत हिरव्या डोळ्यांच्या पिशाच्चासारखें येतें. म्हणून फ्लॅश बंद. सकाळीं किंवा कलत्या दुपारीं खिडकीपाशीं, पडवींत, उंबऱ्याशीं जें जनावर आपण होऊन बसतें, तेथेंच त्याला राहूं द्यावें. बाजूनें येणारा मऊ उजेड पांढरा केसन्‌ केस वेगळा दाखवितो. काळ्या कुत्र्याच्या बाबतींत कॅमेरा फसतो. समोरचें दृश्य सरासरीनें मध्यम करड्या रंगाचें असावें, अशी त्याची बिचाऱ्याची समजूत असते. काळें अंग चित्रभर पसरलें, तर तो तें राखेसारखें फिकें करतो. तेंच उजळ खिडकीपुढें बसलें, तर नुसती कोळशाची आकृति उरते. मोबाईलच्या पडद्यावर कुत्र्याच्या तोंडावर बोट टेकून उजेड कमीजास्त करतां येतो, तेवढें केलें कीं काम भागतें. पांढऱ्या मांजराच्या बाबतींत हेंच उलट समजावें.

डोळ्यांचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतों. म्हाताऱ्या कुत्र्याच्या डोळ्यांत निळसर-करडी झांक येते, आणि लोक घाबरून मोतीबिंदू झाला म्हणतात. पुष्कळदां तो मोतीबिंदू नसतो. वयानुसार डोळ्यांतील भिंग घट्ट होत गेल्याचें तें चिन्ह असतें, आणि त्या डोळ्यांनीं कुत्र्याला बहुतेक सारें दिसत असतें. खरें काय तें डॉक्टरांनीं तपासून सांगावें. पण चित्रांतली ती झांक संगणकावर पुसून काढूं नका. माझ्याकडे गिऱ्हाइकें तसा आग्रह धरतात, आणि मी त्यांना नाहीं म्हणतों. पुसलेले डोळे काचेच्या गोट्यांसारखे दिसतात.

बहिऱ्या जनावराच्या मागून जाऊं नये, तें दचकतें. समोरून, त्याला दिसेल असें जावें, किंवा जमिनीवर हलकेंच पाय आपटावा म्हणजे हादऱ्यानें त्याला कळतें. गुळगुळीत फरशीवर त्याला उभें करूं नये. खालीं सतरंजी किंवा गोणपाट घालावें. कान-डोळे गेले तरी नाक सहसा शेवटपर्यंत साथ देतें, म्हणून मान वळवून हवी असल्यास शीळ घालण्यापेक्षां तुपाचें बोट पुढें करावें. आणि पांच-सात मिनिटांत थांबावें. जनावरानें तोंड फिरविलें, जांभई दिली, ओंठ चाटले, तर त्याला कंटाळा आला आहे असें समजून कॅमेरा खालीं ठेवावा.

तोंडाचींच चित्रें काढून भागत नाहीं. झिजलेलीं नखें, पंजाच्या गाद्यांवरच्या भेगा, फाटलेल्या कानाची कड, पाठीवरचा भोंवरा, निजण्यापूर्वी तीन फेरे मारण्याची खोड, रिकाम्या थाळीशेजारीं ठेवलेली हनुवटी: आठवण या अशा बारीकसारीक गोष्टींना धरून राहते. मोबाईलमध्यें चलच्चित्र घेण्याची सोय असते, ती जरूर वापरावी. कारण कांहीं आठवणी कानांच्या असतात. पहांटे फरशीवर वाजणाऱ्या नखांचा टिकटिक आवाज कोणत्याही छायाचित्रांत येत नाहीं.

आतां एक गोष्ट सांगतों, ती मला कोणीं शिकविली नव्हती. काळूचें एक चित्र मीं दिवाळींत काढलें होतें आणि एक संक्रांतीला. दोन्ही चित्रांत तो अंगणांत त्याच जागीं, बाजूनें उभा होता. तीं शेजारीं शेजारीं ठेवल्यावर मी चरकलों. संक्रांतीच्या चित्रांत त्याच्या मांड्या उतरल्या होत्या, मागचे पाय पोटाखालीं ओढलेले होते, आणि सारा भार पुढच्या दोन पायांवर आला होता. रोज पाहणाऱ्या डोळ्यांना रोजचा फरक दिसत नाहीं. आपण त्याला "थंडीमुळें असेल" म्हणतों. मीं तीं दोन्ही चित्रें आणि त्याच्या चालण्याचें एक चलच्चित्र जनावरांच्या डॉक्टरांना दाखविलें. दवाखान्यांत भीतीनें ताठ झालेलें कुत्रें पुष्कळदां लंगडतच नाहीं, त्यामुळें घरच्या चालीचें चित्र फार उपयोगी पडतें, असें ते म्हणाले. त्यांनीं दुखण्यावर औषध दिलें, फरशीवर जाजमें घालावयास सांगितलीं, खाण्याची थाळी पाटावर उंच ठेवावयास सांगितली. काळू तरुण झाला नाहीं. पण शिमग्यापर्यंत तो पुन्हां आपण होऊन अंगणांत जाऊं लागला. येथें एक इशारा द्यावासा वाटतो. माणसांच्या दुखण्यावरची गोळी स्वतःच्या मनानें जनावराला कधींही देऊं नका. साधी पॅरासिटामॉलची गोळीसुद्धां मांजराचा जीव घेऊं शकते.

पुढच्या पावसाळ्यांत अशी वेळ आली कीं औषध पुरेना. त्या वेळींही निर्णय घेण्यास चित्रांनींच मदत केली. शिमग्याच्या चित्रांतला काळू खालीं बसून दाराकडे पाहत होता. श्रावणांतला कशाकडेच पाहत नव्हता. त्याला सुखानें जाऊं द्यावें असें डॉक्टर आधींच सुचवीत होते. तें घरांतल्या सर्वांना मान्य झालें तें हीं दोन चित्रें पाहिल्यावर, आणि सर्वांत अगोदर मान्य झालें आईला.

त्या शेवटच्या दिवशीं मीं कॅमेरा बाहेर काढला नाहीं. याबाबत मतभेद आहेत हें मी जाणतों. अमेरिकेंत तर आजारी जनावराचीं अखेरचीं चित्रें घरीं येऊन काढून देणें हा एक स्वतंत्र व्यवसायच झाला आहे, आणि ज्यांच्याजवळ एकही चित्र नाहीं त्यांना तो मोठाच आधार वाटत असेल. परंतु त्या घटकेला जनावराला आपले दोन्ही हात हवे असतात, आणि कॅमेऱ्याला एक तरी द्यावाच लागतो. ज्याला त्या दिवशींचें चित्र हवेंच असेल, त्यानें कॅमेरा शेजाऱ्याच्या हातीं द्यावा आणि स्वतः जनावराजवळ बसावें. त्याहून बरें म्हणजे तें काम सहा महिने अगोदर, कांहींच घडत नसलेल्या एखाद्या मंगळवारीं करून टाकावें. कुत्रें सात-आठ वर्षांचें झालें कीं दर महिन्याला एक चित्र, त्याच जागीं, त्याच उजेडांत, असा नेम धरणें कठीण नाहीं. मांजराच्या बाबतींत दहाव्या वर्षापासून धरला तरी चालेल. तीं अधिक जगतात आणि आपलें दुखणें अधिक लपवितात.

काळूचीं सारीं चित्रें मीं टेबलावर पसरून ठेवलीं आणि आईला एक निवडावयास सांगितलें. मीं स्वतः एक मनांत धरलें होतें: खिडकीचा उजेड, पांढरी हनुवटी, सारें कसें यथास्थित. तिनें तें बाजूला सारलें. तिनें उचललें तें चित्र मीं टाकून द्यावयाच्या गठ्ठ्यांत ठेवलें होतें. त्यांत काळूचें तोंड अर्धेंच आलें आहे, तेंही किंचित्‌ हललेलें. स्पष्ट आहे तो तिचा सुरकुतलेला हात आणि त्यावरचा कालवलेला दूधभात. फोटोनें आयुष्य कमी होतें या तिच्या सिद्धांताची मीं तिला आठवण करून दिली. ती म्हणाली, "हाताचा काढला तर कांहीं होत नाहीं." तें चित्र आतां देव्हाऱ्याजवळच्या कोनाड्यांत आहे.

शेवटीं एक व्यवहाराची गोष्ट. मोबाईल हरवतो, पाण्यांत पडतो, बदलला जातो, आणि चित्रें त्याच्याबरोबर जातात. म्हणून निवडक दहा-बारा चित्रें कागदावर उतरवून घ्यावीं. कांहीं शेंकडा रुपयांचें काम आहे. तीं चिकट पानांच्या आल्बमांत लावूं नयेत, त्या चिकटानें कांहीं वर्षांनीं पिवळीं पडतात. कोपरे अडकविण्याच्या साध्या कागदी आल्बमांत ठेवावीं, आणि पावसाळ्यांत भिंतीला लागून असलेल्या कपाटांत ठेवूं नयेत. मागच्या बाजूस जनावराचें नांव, त्याचें वय आणि तारीख लिहावी. मऊ पेन्सिलीनें, हलक्या हातानें लिहावी. शाई पुढच्या बाजूला उमटते.